निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ

शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या व्यक्तीला, किंवा तिच्या मृत्यूनंतर हयात असलेल्या पतीला अगर पत्नीला, मूळ निवृत्तिवेतनाखेरीज किंमतवाढीच्या भरपाईदाखल ठराविक टक्केवारीने दिली जाणारी रक्कम म्हणजे निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ होय. सेवेतील कर्मचाऱ्याला याच कारणास्तव मिळणाऱ्या रकमेस ‘महागाई भत्ता’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या आदेशांत निवृत्तांच्या बाबतीत ‘महागाई वाढ’ हा शब्द रूढ आहे. दोहोंचे दर सामान्यतः सारखेच असतात. मात्र भत्ता मूळ वेतनावर मोजला जातो, तर वाढ मूळ निवृत्तिवेतनावर किंवा कुटुंब निवृत्तिवेतनावर. दिसण्यात लहान असलेल्या या भेदाचे परिणाम फार मोठे आहेत. महागाई वाढ निवृत्तिवेतनाची क्रयशक्ती टिकविते, ती वाढवीत नाही. आणि ज्या मूळ रकमेवर ती मोजली जाते, त्या रकमेपुरतीच ती टिकविते. मूळ रक्कमच तुटपुंजी असेल, तर पूर्ण भरपाई मिळूनही निर्वाह अपुराच राहतो. वृद्ध विधवांच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेष येतो.

आवश्यकता : निवृत्तिवेतन हे रुपयांत ठरविलेले दीर्घ मुदतीचे देणे आहे. वयाच्या ५८ किंवा ६० व्या वर्षी मंजूर झालेली रक्कम पुढे वीस-पंचवीस वर्षे, आणि पती-पत्नींपैकी एक दीर्घायुषी असल्यास त्याहूनही अधिक काळ, दिली जाते. या अवधीत किंमती स्थिर राहत नाहीत. किंमती दरसाल ६ टक्क्यांनी वाढत असतील, तर स्थिर रकमेची क्रयशक्ती सुमारे बारा वर्षांत निम्मी होते आणि चोवीस वर्षांत चौथ्या हिश्शावर येते. नोकरीत असलेल्या माणसाला वेतनवाढ, पदोन्नती व संघटनेचे बळ यांचा आधार असतो. शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला वाढत्या किंमतींचा काही अंशी लाभही मिळू शकतो. निवृत्त माणसाजवळ यांपैकी कोणतेच साधन नसते. कालमानाप्रमाणे आपोआप बदलणारी वाढ नसेल, तर आयुष्याच्या ज्या टप्प्यावर आजारपण व परावलंबन वाढते, नेमक्या त्याच टप्प्यावर त्याचे उत्पन्न सर्वांत कमी होते.

ऐतिहासिक आढावा : ब्रिटिश अमदानीत निवृत्तिवेतन हे राज्यकर्त्यांच्या मर्जीने मिळणारे बक्षीस मानले जाई. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने धनकोंच्या जप्तीपासून त्यास संरक्षण दिले. परंतु किंमतवाढीपासूनच्या संरक्षणाचा विचार त्यात नव्हता. पहिल्या महायुद्धातील भाववाढीने हा प्रश्न प्रथम तीव्रतेने पुढे आला. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांनी महागाईच्या भरपाईसाठी लढे दिले. मुंबई सरकारने १९२१ मध्ये स्थापन केलेल्या कामगार कार्यालयाने मुंबई शहरातील कामगारवर्गाच्या निर्वाहखर्चाचा निर्देशांक तयार करण्यास आरंभ केला. जुलै १९१४ मधील किंमती १०० मानून तो काढला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस रेल्वे कामगारांच्या मागणीवरून बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली १९४० मध्ये चौकशी न्यायालय नेमण्यात आले. त्यानंतर निर्देशांकाशी निगडित महागाई भत्त्याची कल्पना शासकीय क्षेत्रात रुजू लागली. ही सर्व तरतूद मुख्यतः सेवेतील लोकांसाठी होती. निवृत्तांना मधूनमधून तात्पुरती, ठोक रकमेची वाढ मिळे आणि तीही शासनाच्या इच्छेवर अवलंबून असे.

संस्थानी मुलखातील निवृत्तांची स्थिती याहून नाजूक होती. सध्या सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी हे गाव व त्याच्या भोवतालचा प्रदेश पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत १९३९ मध्ये या संस्थानाने लोकांकडे सत्ता सोपविणारी राज्यघटना स्वीकारली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत याच काळातील होय. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. विलीनीकरणाच्या करारांत संस्थानांनी मंजूर केलेली निवृत्तिवेतने पुढे चालू ठेवण्याची हमी सामान्यतः दिलेली असे. ही हमी रकमेची होती, रकमेच्या मोलाची नव्हती. युद्धापूर्वीच्या स्वस्ताईत ठरलेले काही रुपये युद्धोत्तर भाववाढीत तसेच चालू राहिले, तरी कराराचा भंग होत नव्हता. घरातील धान्याची कणगी मात्र रिती होत होती. निवृत्तिवेतनाचे सातत्य आणि निवृत्तिवेतनाचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

वेतन आयोग आणि महागाई वाढ : निर्देशांकाशी नियमितपणे जोडलेली महागाई वाढ केंद्रीय निवृत्तांना तिसऱ्या वेतन आयोगाच्या (अहवाल १९७३) शिफारशींमुळे मिळू लागली. अखिल भारतीय कामगारवर्गीय ग्राहक किंमत निर्देशांकाची (१९६० = १००) बारा महिन्यांची सरासरी १६ अंशांनी वाढली की, निवृत्तिवेतनाच्या ५ टक्के, मात्र दरमहा किमान ५ व कमाल २५ रुपये, अशी वाढ द्यावी, असे त्या आयोगाने सुचविले. कमाल मर्यादेमुळे मोठ्या निवृत्तिवेतनाची भरपाई अपुरी पडे. तथापि वाढ देणे हा शासनाच्या मर्जीचा नव्हे, तर नियमाचा भाग असावा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

चौथ्या वेतन आयोगाने (१९८६) दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै अशा दोन तारखा निश्चित केल्या. निर्देशांकाच्या ६०८ या सरासरीवर झालेल्या वाढीची टक्केवारी काढून भरपाई देण्याची पद्धत त्याने घालून दिली. लहान रकमांना पूर्ण भरपाई व मोठ्या रकमांना उतरत्या प्रमाणात भरपाई, असे तिचे स्वरूप होते. पाचव्या आयोगानंतर (१९९६ पासून) हा भेद नाहीसा होऊन सर्व स्तरांना शंभर टक्के भरपाई मिळू लागली. एप्रिल २००४ पासून केंद्राने ५० टक्के महागाई वाढ मूळ निवृत्तिवेतनात महागाई वेतन म्हणून मिळविली. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या आयोगाने (२००८) अतिवृद्धांसाठी अतिरिक्त निवृत्तिवेतनाची शिफारस केली. त्यानुसार केंद्रात वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० व १०० पासून १०० टक्के अधिक रक्कम मिळते आणि तीवरही महागाई वाढ लागू होते. महाराष्ट्रातही वयानुसार अशी वाढ देण्याची व्यवस्था आहे. सातव्या आयोगानुसार जानेवारी २०१६ पूर्वी निवृत्त झालेल्यांचे मूळ निवृत्तिवेतन २.५७ ने गुणून सुधारण्यात आले. महाराष्ट्रात के. पी. बक्षी समितीच्या अहवालानंतर २०१९ मध्ये ही सुधारणा अंमलात येऊन किमान निवृत्तिवेतन दरमहा ७,५०० रुपये ठरले. आठव्या वेतन आयोगाची घोषणा २०२५ मध्ये झाली असून न्या. रंजना प्रकाश देसाई यांना त्याच्या अध्यक्षपदी नेमण्यात आले.

गणनाची पद्धत : महागाई वाढीचा पाया असलेला निर्देशांक औद्योगिक कामगारांसाठीचा आहे. भारत सरकारचे श्रम कार्यालय निवडक केंद्रांतील बाजारांतून वस्तूंच्या किंमती गोळा करून तो दरमहा प्रसिद्ध करते. सप्टेंबर २०२० पासून २०१६ = १०० ही मालिका वापरात आली. तीत ८८ केंद्रे असून महाराष्ट्रातील नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई, सोलापूर इ. शहरांचा त्यांत समावेश होतो. नव्या मालिकेचा अंक २.८८ ने गुणला की, तो पूर्वीच्या २००१ = १०० या मालिकेशी जोडला जातो.

सातव्या आयोगाच्या रचनेत २०१५ सालची सरासरी, म्हणजे २६१.४२, हा आधार मानला आहे. मागील बारा महिन्यांच्या सरासरीतून २६१.४२ वजा करून बाकीस २६१.४२ ने भागावे व १०० ने गुणावे, म्हणजे वाढीचा दर मिळतो. उदाहरणार्थ, सरासरी ४०५ असल्यास उत्तर ५४.९२ येते. टक्क्याचा अपूर्णांक सोडून देण्याचा नियम असल्यामुळे प्रत्यक्ष दर ५४ टक्के राहतो. १८,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन असणाऱ्यास या गाळलेल्या अपूर्णांकामुळे दरमहा सुमारे १६५ रुपये कमी मिळतात. पुढील सहामाहीचा दर पुन्हा मूळ आधारापासूनच काढला जात असल्याने ही तूट साचत जात नाही. पण गेलेल्या सहा महिन्यांची भरपाईही होत नाही. केंद्राचा दर १ जानेवारी २०२४ पासून ५० टक्के व १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के होता.

निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून, म्हणजे अंशराशीकरण करून, एकरकमी पैसे घेतले असले, तरी महागाई वाढ कपातीपूर्वीच्या पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मोजतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा मिळू लागतो. केंद्रीय निवृत्तांच्या बाबतीत हा नियम सर्वोच्च न्यायालयातील १९८६ च्या एका निकालानंतर दृढ झाला. कुटुंब निवृत्तिवेतनात या विक्रीमुळे घट होत नाही.

काळाचे अंतर : भरपाई शंभर टक्के म्हटली, तरी ती काही काळ मागे राहते. जानेवारीत लागू होणारा दर मागील जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांच्या सरासरीवर आधारलेला असतो. या अवधीचा मध्य जूनअखेर येतो. तोच दर पुढे जानेवारी ते जून असा सहा महिने चालतो व त्याचा मध्य मार्चअखेर येतो. म्हणजे निवृत्ताच्या हाती पडणारी रक्कम सरासरीने नऊ महिन्यांपूर्वीच्या किंमतींना अनुरूप असते. किंमती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असतील, तर हे अंतर सुमारे साडेचार टक्क्यांचे होते. केंद्राचा दर सामान्यतः लागू होण्याच्या तारखेनंतर दोन-तीन महिन्यांनी जाहीर होतो. राज्य शासन त्यानंतर स्वतंत्र निर्णय काढून तो स्वीकारते. मधल्या काळाची थकबाकी मिळाली, तरी ती व्याजाविना असते आणि ती मिळेपर्यंतचा खर्च वृद्धाला बचतीतून किंवा उसनवारीने भागवावा लागतो.

हे अंतर शासनाच्या निर्णयाने वाढूही शकते. कोविड साथीच्या काळात २३ एप्रिल २०२० च्या आदेशाने केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० व जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठविले आणि दर १७ टक्क्यांवर स्थिर ठेवला. जुलै २०२१ पासून ४, ३ व ४ टक्के हे तिन्ही हप्ते एकदम जमेस धरून दर २८ टक्के करण्यात आला. मात्र मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये असणाऱ्याचे पहिल्या सहामाहीत दरमहा ८००, दुसरीत १,४०० व तिसरीत २,२००, असे एकूण २६,४०० रुपये यात बुडाले. महसूल आटला असताना शासनाने सर्वांवर सारखा भार टाकला, असे समर्थन यासंबंधी करण्यात येते. परंतु टक्केवारी समान असली, तरी ज्याच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग अन्न व औषधांवर खर्च होतो त्याच्यावरील भार अधिक जड असतो.

कुटुंब निवृत्तिवेतन व हयात जोडीदार : शासकीय कर्मचाऱ्याच्या विधवेस निवृत्तिवेतन मिळण्याची सार्वत्रिक तरतूद तुलनेने अलीकडची आहे. १९५० च्या दशकात ती दीर्घ सेवेच्या अटीवर व मर्यादित वर्षांपुरती होती. १ जानेवारी १९६४ पासूनच्या योजनेने ती आजीव झाली; त्यासाठी सुरुवातीस कर्मचाऱ्याच्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम कापून घेत आणि पुढे ही कपात बंद झाली. महाराष्ट्रात ही योजना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांच्या ११६ व्या नियमात समाविष्ट आहे. योजनेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या विधवांनाही तिचा लाभ मिळाला पाहिजे, हा प्रश्न पूनमल विरुद्ध भारत सरकार (१९८५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन त्यांच्या बाजूने सुटला.

कुटुंब निवृत्तिवेतन पूर्वी वेतनाच्या वाढत्या पायऱ्यांवर उतरत्या टक्केवारीने मिळे. पाचव्या आयोगानंतर सर्वांसाठी ते अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के झाले. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू आल्यास सात वर्षे, किंवा मृत व्यक्तीने विहित वय गाठले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर ते वाढीव दराने, म्हणजे निवृत्तिवेतनाइतके, दिले जाते. ते वय उलटल्यानंतर मृत्यू झाल्यास जोडीदारास पहिल्या महिन्यापासूनच ३० टक्के दर लागू होतो.

महागाई वाढीचा यावर कसा परिणाम होतो, हे पुढील उदाहरणावरून दिसेल. अखेरचे वेतन ६०,००० रुपये असल्यास निवृत्तिवेतन ३०,००० रुपये व सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन १८,००० रुपये येते. ५८ टक्के महागाई वाढीसह या रकमा अनुक्रमे ४७,४०० व २८,४४० होतात. पतीच्या मृत्यूने घरातील उत्पन्न ४० टक्क्यांनी कमी झाले; पण घरपट्टी, वीज, घराची दुरुस्ती व गॅस यांवरील खर्च दोन माणसांतील एक गेल्याने त्या प्रमाणात कमी होत नाही. मूळ रकमांतील १२,००० रुपयांचा फरक वाढीसह १८,९६० रुपयांचा झाला आहे. यापुढे दर कितीही वाढला, तरी ४० टक्क्यांची घट भरून निघत नाही. महागाई वाढ ती घट जशीच्या तशी पुढे नेते. विधवेच्या निर्वाहाचा प्रश्न हा मुख्यतः वाढीच्या दराचा नसून मूळ टक्केवारीचा आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

याच बाबतीतला दुसरा प्रश्न नोकरी करणाऱ्या विधवेचा होता. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती स्वतः नोकरीत असेल, तर तिला कुटुंब निवृत्तिवेतनावर महागाई वाढ देण्यात येत नसे. वेतनावर तिला महागाई भत्ता मिळतोच, असा त्यामागील युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने वासुदेवन पिल्ले प्रकरणात (१९९४) हा नियम ग्राह्य ठरविला. तथापि पाचव्या आयोगानंतर केंद्राने १८ जुलै १९९७ पासून नोकरीतील कुटुंब निवृत्तिवेतनधारकांनाही महागाई वाढ देऊ केली. कुटुंब निवृत्तिवेतन हे मृताच्या सेवेचे फळ व वेतन हे हयात व्यक्तीच्या श्रमाचे फळ असून दोन्हींची झीज महागाईने स्वतंत्रपणे होते, हा विचार यात अभिप्रेत आहे.

न्यायालयीन भूमिका : देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९७१) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे बक्षीस नसून हक्क आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९८२ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठातर्फे न्या. डी. ए. देसाई यांनी तो लिहिला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडे व पलीकडे निवृत्त झालेल्यांत निवृत्तिवेतनाच्या सूत्राबाबत केलेला भेद या निकालाने घटनाबाह्य ठरविला. किंमतवाढीची झळ सर्व निवृत्तांना सारखीच लागत असताना तारखेच्या एका रेघेने त्यांचे दोन वर्ग पाडणे न्याय्य नाही, हा त्यातील विचाराचा गाभा होय. निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा दिवस ‘निवृत्तिवेतनधारक दिन’ म्हणून पाळतात. पुढे कृष्णकुमार प्रकरणात (१९९०) भविष्य निर्वाह निधी घेतलेले व निवृत्तिवेतन घेणारे हे भिन्न वर्ग असल्याचे सांगून न्यायालयाने नकारा निकालाची व्याप्ती मर्यादित केली. माजी सैनिकांच्या ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या योजनेत (२०१५, लागू १ जुलै २०१४) दर पाच वर्षांनी मूळ रकमेचीच फेरमांडणी होते. सैनिकी परंपरा असलेल्या सातारा-सांगली भागात तिचे महत्त्व विशेष आहे. महागाई वाढ किंमतींशी बांधलेली असते, तर ही योजना त्याच पदावरून अलीकडे निवृत्त होणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाशी. हा दोहोंतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

राज्यातील व्यवस्था : महाराष्ट्रात निवृत्तिवेतनाची रक्कम महालेखापाल प्राधिकृत करतात व ती जिल्ह्याच्या कोषागारामार्फत बँकेतील खात्यात जमा होते. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारेही देता येतो. महागाई वाढीसाठी निवृत्ताला वेगळा अर्ज करावा लागत नाही. शासन निर्णय निघाल्यावर कोषागार नव्या दराने रक्कम अदा करते. अडचण येते ती मुख्यत्वे पतीच्या मृत्यूनंतर. निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर नोंदलेली असल्यास कुटुंब निवृत्तिवेतन लवकर सुरू होते. नावातील फरक, जुन्या संयुक्त खात्याचा अभाव किंवा वयाचा पुरावा नसणे यांमुळे काही महिने जातात आणि ८० वर्षांनंतरची अतिरिक्त वाढही अडून राहते. तालुक्यातील ज्या पिढीतील स्त्रियांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न कागदाचा असूनही पोटाशी निगडित आहे.

आटपाडीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस व माजी सैनिक यांच्या घरी दरमहा येणारी निश्चित रक्कम ही अवर्षणाच्या वर्षातही न आटणारी मिळकत असते. मुलांची शेती बुडाली, तरी वृद्धाच्या निवृत्तिवेतनावर घर चालते. तेव्हा महागाई वाढीचा लाभ एका व्यक्तीपुरता न राहता एकत्र राहणाऱ्या कुटुंबास मिळतो. मात्र या वाढीचा दर आटपाडीच्या आठवडी बाजारातील भावांवर ठरत नाही. देशभरच्या औद्योगिक केंद्रांच्या सरासरीवर ठरतो. दुष्काळात चारा, पाणी व भाजीपाला स्थानिक पातळीवर महागला, तरी त्याचे प्रतिबिंब सरासरीत क्वचितच पडते.

ज्यांना महागाई वाढ मिळत नाही ते : सर्वच निवृत्तांना हे संरक्षण नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था व राज्य परिवहन महामंडळ यांतील कामगार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. या योजनेचे निवृत्तिवेतन निर्देशांकाशी जोडलेले नाही. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. त्यानंतरच्या दशकात किंमती वाढत गेल्या, तरी हा आकडा तेवढाच राहिला. ही रक्कम वाढवून तिला महागाई भत्त्याची जोड द्यावी, या मागणीसाठी या निवृत्तांनी बुलढाणा येथे प्रदीर्घ साखळी उपोषण केले. एकाच आळीत राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक व निवृत्त कारखाना कामगार यांची तुलना केली असता, महागाई वाढ असणे व नसणे यांतील अंतर दरवर्षी रुंदावत गेलेले दिसते.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली. तीतील वार्षिकीची रक्कम बाजारातील परताव्यावर अवलंबून असून तीवर महागाई वाढ नाही. जुनी योजना परत आणावी यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी मोठा संप केला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम व तीवर महागाई वाढ यांची हमी आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तीत हयात जोडीदारास निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के मिळतात. म्हणजे जुन्या योजनेतील वेतनाच्या ३० टक्क्यांइतकेच.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेत संघीय निवृत्तांसाठी १९६२ मध्ये किंमत निर्देशांकावर आधारलेली स्वयंचलित वाढ सुरू झाली, सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनास ती १९७५ पासून लागू झाली. तेथे वृद्धांच्या खर्चाचा स्वतंत्र प्रायोगिक निर्देशांकही काढला जातो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवेतील निवृत्तिवेतनवाढ १९७१ च्या कायद्याने नियमित झाली. २०११ पासून तेथे किरकोळ किंमत निर्देशांकाऐवजी सामान्यतः कमी वाढणारा ग्राहक किंमत निर्देशांक वापरात आला. यावरून निर्देशांकाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसते, हे दिसून येते. जर्मनीत निवृत्तिवेतन प्रामुख्याने वेतनवाढीशी निगडित आहे. किंमतींशी जोडलेली पद्धत जुने राहणीमान राखते. वेतनाशी जोडलेली पद्धत वृद्धांना समाजाच्या प्रगतीत वाटा देते. भारतात पहिल्या पद्धतीचा अवलंब महागाई वाढीने, तर दुसरीचा साधारण दर दहा वर्षांनी होणाऱ्या वेतन आयोगाच्या फेररचनेने होतो.

मूल्यमापन : निर्देशांक बिनचूक असणे ही या व्यवस्थेची पहिली अट आहे. १९६३ मध्ये मुंबईच्या निर्देशांकाविषयी कामगारांनी तक्रार केली असता महाराष्ट्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिच्या तपासणीनंतर निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. दुसरी अट निर्देशांकाच्या योग्यतेची. प्रचलित निर्देशांक कामकरी कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला आहे. २०१६ च्या मालिकेत अन्न व पेये यांचा भार ४६.२० वरून ३९.१७ टक्क्यांवर उतरला; शिक्षण, आरोग्य, प्रवास इ. संकीर्ण बाबींचा भार २३.२६ वरून ३०.३१ टक्के झाला. वृद्धांच्या खर्चात शाळेची फी नसते. औषधे, तपासण्या व शुश्रूषा यांचा वाटा मात्र फार मोठा असतो. त्यांच्यासाठी वेगळा निर्देशांक काढल्यास दर किती बदलेल हे प्रत्यक्ष पाहणीनंतरच ठरेल. पण अशी पाहणी होणे अगत्याचे आहे.

महागाई वाढीमुळे राज्याच्या तिजोरीवरील भार सतत वाढतो आणि सिंचन, रस्ते, शाळा यांच्यासाठी उरणारा निधी घटतो, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि किंमतींबरोबर शासनाचे रुपयांतील महसूलही वाढत असतो. महागाई वाढ न देणे म्हणजे त्या वाढीतील निवृत्ताचा वाटा अडवून धरणे होय. खर्चाला आवर घालावयाचा असल्यास मूळ निवृत्तिवेतनाचे सूत्र उघडपणे चर्चेस घेणे अधिक सचोटीचे ठरते. भाववाढीकडून ते गुपचूप कमी होऊ देणे नव्हे. त्याच न्यायाने, हयात जोडीदाराचा प्रश्न महागाई वाढीच्या दरात थोडीफार भर घालून सुटणारा नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाची मूळ टक्केवारी व किमान रक्कम वाढविणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. टक्केवारीने दिलेली भरपाई मूळ रकमेशी प्रामाणिक असते. त्या मूळ रकमेत जो अन्याय राहून गेला असेल, त्याच्याशीही ती तितकीच प्रामाणिक राहते.